सातारा ते कास, दगडादगडानं: प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

यंदा गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनला लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नाहीत. आमच्या धंद्यात हेच दोन महिने वर्षाची बेगमी करून देतात. सध्या दोन्ही कॅमेरे बॅगेत, मी दुकानात, आणि दिवसाकाठी चार पासपोर्ट फोटो. जुलैत दोन-चार तारखा निघतील, की लगेच आषाढी आणि चातुर्मास. तुळशीची लग्नं लागेपर्यंत मी मोकळाच.

तेव्हा ठरवलं, कासच्या रस्त्याचं फोटोंचं काम आता करून टाकायचं. पठाराचं नव्हे, रस्त्याचं. कासच्या फुलांचा फोटो नाही असा मोबाइल साताऱ्यात सापडायचा नाही. पण राजवाड्यापासून पठारापर्यंतच्या पंचवीस किलोमीटरांत काय आहे असं विचारलं, तर सगळे सांगतात, आधी घाट आणि मग हॉटेलं. मीही तेच सांगितलं असतं. आजवर या रस्त्यानं दोनशे वेळा तरी गेलो असेन, बहुतेक वेळा नवरा-नवरीच्या गाडीमागून.

नियम असे. जायचं सायकलवरूनच. थांबायचं ते किलोमीटरच्या दगडापाशी. दगडापासून पन्नास पावलांच्या आत जे असेल त्याचाच फोटो काढायचा आणि एका फेरीत एका दगडाचा एकच ठेवायचा. झकास दृश्य दोन दगडांच्या मधे आलं तर डोळे भरून बघायचं आणि पुढे जायचं. हे बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग सायकल तरी कशाला? एका दगडावर जाऊन बसा की."

सायकल भाच्याची. तो पुण्याला शिकायला गेल्यापासून जिन्याखाली धूळ खात होती. एकवीस गिअर, त्यातले आठ-नऊ लागतात. ब्रेकचे रबर नवे घातले, चेनला तेल दिलं, मागे कॅरिअर आहेच.

१२ जून, बुधवार

कॅमेरा न घेता नुसती दगडांची मोजदाद करून आलो. सातारा साधारण ७०० मीटरवर, पठार १,२०० च्या आसपास. म्हणजे पाचशे मीटरची चढण, आणि तिचा मोठा हिस्सा यवतेश्वरच्या घाटातच वसूल होतो. समर्थ मंदिर सोडलं की जे मांड्या भरायला लागतात ते थेट वर देवळापर्यंत. तीन ठिकाणी उतरून सायकल ढकलली. हे कुठे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण नोंदवही आहे, तेव्हा लिहितो.

दगड असायला हवेत पंचवीस, मिळाले एकोणीस. दोन गळ्यापर्यंत मातीत गाडलेले, नंबराचा वरचा अर्धाच दिसतो. एकावर कुणीतरी हॉटेलाकडे वळणारा बाण रंगवलाय. आणि पेट्री गाव सोडल्यावर १३ आणि १५ च्या मधला जो दगड आहे, त्याला शेंदूर फासून पुढे दोन नारळ ठेवलेत. तो १४ असणार हा हिशेब माझा. त्याच्याजवळ थांबलो तेव्हा चपला काढाव्यात की नाही याचा विचार करत पाच मिनिटं उभा होतो.

जायला अडीच तास, यायला पन्नास मिनिटं.

२३ जून, रविवार

पहिला भिजता फेरा. कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला तर चढावर पाठ ओली होऊन सॅक चिकटते, म्हणून कॅरिअरवर टॉवेलात गुंडाळून बांधला. चूक. घाटातल्या रस्त्याला खड्डे आहेत असं म्हणण्यापेक्षा खड्ड्यांना मधेमधे रस्ता आहे म्हटलेलं बरं. मागच्या चाकाचा सगळा हिसका कॅरिअरवर जातो, कारण मधे कसली स्प्रिंग नसते. तिसऱ्या दगडाशी कॅमेरा काढला तर लेन्स हलवल्यावर किंचित खडखड वाजतंय. घरी येऊन बघितलं, तर लेन्सच्या माउंटच्या चारपैकी दोन स्क्रू अर्धा-अर्धा आटा सैल झालेले. अजून चार फेऱ्या केल्या असत्या तर एखादा आतच पडला असता.

आता हँडलला पुढे कापडी पिशवी, तिच्यात सोफ्याचा जुना स्पंज कापून खाच केली. हँडल धरलेले हात थोडे का होईना झटके खातात, तेवढं कॅमेऱ्याला कमी. शिवाय दर फेरीनंतर घड्याळजीचा छोटा पेचकस घेऊन स्क्रू तपासायचे. लग्नात कॅमेऱ्याला एवढं कधी जपावं लागलं नाही. तिथे फार तर पोराच्या हातचं आइस्क्रीम लागतं.

फोटो: ३, ५, ६. एकही ठेवण्यासारखा नाही. नियमाप्रमाणे तरी एकेक ठेवला.

७ जुलै, रविवार

धुकं. सहाव्या दगडाच्या पुढे दहा पावलांवरचं दिसेना. ट्रकवाले दिवे लावून, हॉर्न वाजवत खाली येतात. मी मागे लाल दिवा आणि पाठीवर कामगारांचं ते चमकणारं जाकीट घातलेलं. जाकीट ऐंशी रुपयांचं आहे, पण या प्रकल्पात घेतलेली सगळ्यात शहाणपणाची वस्तू तीच.

आज दोन धडे मिळाले. पहिला: पावसाचा जोर वाढला म्हणून पिशवीतला कॅमेरा काढून रेनकोटाच्या आत छातीशी घेतला. चढावर रेनकोटाच्या आत घामाची वाफ कोंडलेली असते. कॅमेऱ्याची काच बाहेरच्या हवेनं गार झालेली. ती वाफ काचेवर बसली आणि दगडापाशी लेन्स काढली तर धुकं बाहेर आहे की लेन्सवर, हेच कळेना. पुसलं तर पुन्हा. काच पुसायचं कापडही घामेजलेलं. शेवटी पंधरा मिनिटं कॅमेरा बाहेर हवेत धरून बसलो, वरून छत्री. तेव्हा निवळलं. म्हणजे कॅमेरा बाहेरच्याच हवेत राहायला हवा. अंगाची ऊब त्याला सोसत नाही.

दुसरा धडा तसा जुनाच, पण लग्नाच्या हॉलमध्ये कधी लागत नाही. धुक्याचा फोटो कॅमेऱ्याच्या मनावर सोडला की तो राखाडी काढतो. उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं, पांढरं दिसलं की ते बुजवून टाकतो. उजेड एक ते दीड स्टॉप वाढवला, तेव्हा कुठे धुकं पांढरं झालं आणि कठड्यावरचं शेवाळ हिरवं.

घरी येऊन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या उन्हात टाकायच्या, तर ऊन कुठाय? तव्यावर गरम करू म्हटलं, तर आईनं तवा काढून घेतला. रंग बदलणाऱ्या त्या दाण्यांत रसायन असतं, तिचंच बरोबर होतं. जुन्या पत्र्यावर काम भागवलं.

१४ जुलै, रविवार

लग्न. सायकल नाही.

२१ जुलै, रविवार

परवाच बेंदूर झाला. वरच्या गावांतल्या बैलांची शिंगं अजून रंगलेली आहेत, हिंगुळाचे ठिपके पावसानं ओघळून गालापर्यंत आलेत. उजव्या हाताला खाली कण्हेरचं पाणी वाढलंय, डाव्या हाताला उरमोडीचं. खाचरांत भातलावणी चालू. हे सगळं दोन दगडांच्या मधूनच फार छान दिसतं. नियमाला शिव्या घातल्या आणि पुढे गेलो.

चौदाव्याशी, म्हणजे शेंदराच्या दगडाशी, खालच्या बाजूला दरडीतून पाणी पाझरतं. जांभ्याच्या कातळाखाली काळा दगड आहे, जांभा स्पंजासारखा पाणी पितो आणि ते दोन्हींच्या सांध्यातून असं बाहेर येतं. पठारावरची माती जेमतेम बोटभर, तिच्यात पाणी मावत नाही. या ओल्या भिंतीवर हाताएवढ्या जागेत शेवाळ, नेचे आणि एक जांभळट पानांची वेल. आडवा पडून तिचा फोटो काढत होतो, तर वरून आवाज आला.

"पावणं, पडला काय?"

घोंगडीची खोळ घेतलेले एक बाबा, मागे दोन म्हशी. सत्तरीचे असतील. मी म्हटलं, नाही बाबा, फोटो काढतोय.

"फुलं तिकडं वर हायत. हितं काय न्हाई. आन् अजून दीड म्हैना हाय फुलांला."

मी दगडाचा नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यो दगूड हितला न्हवंच."

मग कळलं ते असं. रस्ता रुंद केला त्या वर्षी यंत्रानं हा दगड उपटून त्यांच्या बांधावर टाकला. दोन पावसाळे तो बांधावरच आडवा होता. मग बाबांच्या म्हातारीच्या स्वप्नात तो आला. (म्हातारी म्हणजे त्यांची आई, तेव्हा हयात होती.) म्हणून उभा करून शेंदूर लावला. उभा केला तो जागा बघून, म्हणजे आंब्याच्या सावलीला. मूळ जागा तिथून "ह्यो एवढी" पुढे. हातानं दाखवली ती शंभर मीटर तरी भरेल.

म्हणजे माझ्या प्रकल्पाचा चौदावा किलोमीटर हा नऊशे मीटरचा आहे आणि पंधरावा अकराशेचा. यावर काय करावं हे मला सुचलं नाही. बाबांनी मात्र सुचवलं, "हिचा काढा की. आठ लिटर देती."

म्हशीचा फोटो काढला. तेवढ्यात धुक्याचा लोट आला आणि ती त्यात निम्मी बुडाली. बाबांना म्हटलं, पुढच्या खेपेला कागदावर काढून आणून देईन. हे वचन इथे लिहून ठेवतो, कारण लग्नात प्रत्येक आजीला मी हेच सांगतो आणि विसरतो.

४ ऑगस्ट, रविवार

दिव्यांची अवस. आज कणकेचे दिवे, त्यामुळे घरी लवकर.

ट्रायपॉड सायकलवर न्यायचा तर दीड किलो जास्त आणि तो चाकात अडकतो. म्हणून जूनमध्येच आईनं माझ्या जुन्या पँटचा पाय कापून शिवून दिला होता. त्यात धान्य भरायचं, कठड्यावर किंवा दगडावर टाकायचं आणि त्यात कॅमेरा खोचायचा. वाळूनंही होतं, पण वाळू कॅमेऱ्याची वैरीण. आईनं डब्यातली मटकी भरली, सव्वा किलो. काम फार सुरेख होतं. नवव्या दगडाजवळ पाण्याची एक धार रस्त्याच्या मोरीत पडते, तिचा फोटो पाव सेकंदाच्या शटरला मटकीवर टेकवून काढला, जराही हलला नाही. पाणी रेशमासारखं आणि बाजूचं पान न पान जाग्यावर. ओल्या पानांवरची चकाकी मारायला पोलरायझर फिरवला, की हिरवा रंग एकदम पोटातून वर येतो. तो फिरवताना प्रत्येक वेळी जादू वाटते.

तर मुद्दा मटकीचा. गेल्या फेरीनंतर पिशवी कॅरिअरवरच राहिली, भिजलेली. आज सकाळी उचलली तर ती टम्म फुगलेली, शिवण उसवायला आलेली, आणि कापडातून पांढरे मोड बाहेर. सव्वा किलो मटकीला जिन्याखाली, माझ्या पँटीत, मोड आले होते. आई म्हणाली, "उसळ करूया का?" मग स्वतःच वास घेतला आणि म्हशीवाल्याला देऊ म्हणाली. दिली.

पर्याय: भिजलं तरी रुजत नाही असं काहीतरी हवं. थर्माकोलचे मणी हलके, वाऱ्यानं कॅमेरा डुलतो. सध्या कापलेल्या जुन्या ट्यूबचे तुकडे भरलेत. सायकलच्या दुकानातून फुकट मिळाले, भिजत नाहीत, दगडावरून घसरत नाहीत. रंग मात्र लागतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. सकाळी सातला घाटात गाड्यांची रांग. पाचव्या दगडावर एक कुटुंब बसून वडापाव खात होतं, आठव्यावर मोटारसायकल टेकवलेली. परत फिरलो.

२० ऑगस्ट, मंगळवार

साडेपाचला निघालो. हिल मॅरेथॉनच्या सरावाला पळणारे लोक घाटात. चढावर ते माझ्यापुढे जातात. एक बाई, पन्नाशीच्या तरी असतील, जाताना "चला चला काका" म्हणून गेल्या.

आज एक गोष्ट लक्षात आली जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला खिडकी कुठल्या अंगाला हे आधी बघायची सवय असते. हा रस्ता पूर्वेकडून पश्चिमेला जातो. मी जातो सकाळी. म्हणजे ऊन कायम माझ्या पाठीवर, समोरचं सगळं सपाट उजेडात. दोन महिने मी समोरचे फोटो काढत होतो आणि ते सरकारी कॅलेंडरसारखे येत होते. आज सातव्या दगडाशी चेन पडली. ती लावायला खाली बसलो, काळे हात पुसायला पान शोधायला म्हणून मागे वळलो.

मागे अजिंक्यताऱ्याच्या डोक्यावरून ऊन तिरकं येत होतं. दरीतून धुक्याचे पदर वर चढत होते आणि त्या प्रत्येक पदराला मागून उजेड. गवताच्या काडीकाडीवर थेंब पेटलेले. रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं कुणाचं तरी धोतर, तेही आरपार. आणि हे सगळं मी नुकतंच पार करून आलो होतो. सायकल ताशी सात किलोमीटरनं चालली तरी डोळे पुढेच. मोटारीत आरसा तरी असतो.

दगडावर जाताना कास वाचायचं, येताना सातारा. यापुढे थांबलो की पहिल्यांदा दगडाची सातारा बाजू बघायची.

जाताना १९ च्या पुढच्या एका डबक्यात वायतुरा फुललेला. पाण्यातून इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभागलेला तुरा वर येतो, म्हणून वायतुरा. शास्त्रीय नावात चक्क सातारा आहे, सातारेन्सिस. या बाजूच्या मोजक्या सड्यांवरच, म्हणजे कातळी पठारांवरच, तो उगवतो. डबकं दगडापासून बहात्तर पावलांवर. तीनदा मोजलं, दुसऱ्यांदा जरा लांब ढांगा टाकून. अडुसष्ट झाली. फोटो काढला नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरी जेवल्या. आमच्याकडे गौर तेरड्याची, मुळासकट. काल बहीण यवतेश्वरच्या पायथ्याहून घेऊन आली. सायकल नाही, दुपारी झोप.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पठार. आठवड्याच्या मधला दिवस धरला, तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं. तरी गाड्या होत्याच. सायकल बघून फाटकावरचा पोरगा म्हणाला, "दादा, पार्किंगचं काय लावू तुमाला?" काही लावलं नाही.

फुलांबद्दल थोडक्यात लिहितो, बाकी सगळ्यांनी लिहिलंय. तेरड्याचा गुलाबी गालिचा खालच्या अंगाला. गेंदाची पांढरी बटणं. मधेमधे कवला, पिवळ्यावर दोन लाल ठिपके, ज्याला पोरं मिकी माऊस म्हणतात. सीतेची आसवं ओलीच्या पट्ट्यात, जांभळी, आगपेटीच्या काडीएवढ्या दांड्यावर. दिसायला इतकी गरीब, पण जमिनीत तिच्या मुळासारख्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात. पाण्यातला किडा शिवला की पिशवी उघडते आणि त्याला आत ओढते. या जांभ्यावर नत्र कमी म्हणून ही पोटाची सोय. दवबिंदू नावाची वनस्पतीही तशीच, ती किडा चिकटवून धरते. टोपली कारवी नुसत्या पानांवर. तिचा मोठा बहर सात वर्षांनी.

वारा थांबतच नाही. फुलं सतत डुलतात. १/५०० सेकंदाखाली गेलो तर पाकळी हलते, आणि ढगाळ उजेडात १/५०० म्हणजे आयएसओ, कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवा. छत्री आडवी धरून वारा अडवला, तर छत्रीच उडून कुंपणाला लागली. पण ढग चांगले होते. सगळ्या आभाळाचा मिळून एक सॉफ्टबॉक्स (मऊ उजेडाची पेटी), तोही भाड्यानं न आणलेला.

शेवटचा दगड पठाराच्या तोंडाशीच. त्याच्या पन्नास पावलांत जे आहे ते म्हणजे पायवाट. मूळ पायवाट नव्हे, लोकांनी पाडलेली. मळल्या जागी तेरडा नाही, माती निघून खालचा जांभा उघडा पडलाय, लालसर, खरजेसारखा. आज फोटो तोच काढला.

आता हे लिहायलाच हवं. २०१९ च्या सप्टेंबरात एका प्री-वेडिंगसाठी मी एका जोडप्याला याच पठारावर तेरड्यात बसवलं होतं. "ताई, अजून जरा आत. दादा, तुम्ही मागून या." फोटो फार छान आला, मुलीकडच्यांनी तीन फूट मोठा करून घेतला. उठल्यावर खाली त्यांच्या बसण्याच्या आकाराचा हिरवा-गुलाबी चुरा होता, आणि मी त्याचा फोटो काढला नव्हता. त्या उघड्या जांभ्यात माझा वाटा किती, ते मोजता येणार नाही. यंदा दोन चौकश्या आल्या, कासला करूया म्हणून. दोघांना धोमचा घाट सुचवला. एकानं ऐकलं. दुसऱ्यानं माझ्यापेक्षा स्वस्त माणूस बघितला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सोनकीचा पिवळा रंग आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दगड झाकून टाकलेत. ११ वा शोधायला गवत बाजूला करावं लागलं. ऊन कडक, नऊनंतर फोटोत सावल्या काळ्या पडतात.

सतराव्याला मागचं चाक बसलं. करवंदीचा काटा, टायरच्या आरपार. ट्यूब काढून पाण्यात बुडवायची तर डबकी आटलेली. शेवटी बाटलीतलं पिण्याचं पाणी ट्यूबवर ओतत बुडबुडा शोधला. पॅच आहे, सोल्युशन आहे, कानस राहिलं घरी. दगडाच्या खडबडीत पाठीवर ट्यूब घासली. किलोमीटरचा दगड कानस म्हणून उत्तम आहे. तिथे त्या दगडाचा आजचा फोटो आहे: ट्यूबची काळी रेघ.

२० ऑक्टोबर, रविवार

त्सुचिनशान–अ‍ॅटलास धूमकेतू. आठवडाभर संध्याकाळी ढग आणि गडगडाट, आज आभाळ धुतल्यासारखं. पश्चिमेचा रस्ता सकाळी माझ्याशी वैर धरतो, तो संध्याकाळी कामाला आला. चारला निघालो. दहाव्या दगडाच्या पुढे रस्ता सपाटीला लागतो, पश्चिम मोकळी. सूर्य सहाच्या सुमारास गेला. सव्वासातपर्यंत डास आणि मी. पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेले, चंद्र साडेआठच्या आसपास वर येणार, तेवढाच वेळ हातात.

नुसत्या डोळ्यांना आधी काहीच दिसेना. शुक्र मात्र खाली ठळक. मग नजर थोडी बाजूला ठेवून बघितलं तेव्हा पुसट भुरका फराटा, खडूचं बोट फळ्यावर ओढावं तसा. कॅमेरा ट्यूबच्या पिशवीवर, पिशवी दगडावर. आठ सेकंद, आयएसओ १६००, पन्नासची लेन्स. पडद्यावर शेपूट उमटलं तेव्हा मोठ्यानं ओरडलो. जवळच्या झापातलं कुत्रं भुंकायला लागलं.

आठ सेकंदांत पन्नासच्या लेन्सला तारे जरासे रेघेसारखे येतात. घरी मोठं करून बघितल्यावर कळलं. पाच सेकंदच द्यायला हवे होते. आता काय.

उतरताना पुढचा दिवा घाटाच्या दुसऱ्या वळणावर गेला. चार्जिंग. थांबलो, मोबाइलचा दिवा हँडलला रबरानं बांधला आणि जवळजवळ चालतच आलो. खाली सातारा सगळा पेटलेला. घरी बोलणी बसली, ती इथे लिहीत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

निवड. चौदा फेऱ्या, १६३ फोटो. जमिनीवर पोस्टकार्डाच्या आकारात मांडले, दगडाच्या नंबराप्रमाणे उभ्या रांगा, महिन्याप्रमाणे आडव्या. आई, बायको आणि भाचा (दिवाळीला आलाय) कडेकडेनं फिरतात.

मांडल्यावर जे दिसलं ते फोटो काढताना दिसलं नव्हतं. ६ नंबरच्या रांगेत तोच कठडा: जूनला करडा, जुलैला पांढऱ्यात विरघळलेला, ऑगस्टला शेवाळाचा, ऑक्टोबरला त्यावर सोनकी झुकलेली, आता पुन्हा करडा, फक्त एक कडा ढासळलेली. कधी ढासळली ते दोन फोटोंच्या मधे कुठेतरी आहे. भाच्याला ही रांग सगळ्यात आवडली. मला वाटलं होतं धूमकेतू आवडेल. तो म्हणाला, "धूमकेतूचे सगळ्यांनी टाकलेत, मामा. कठडा कुणाकडे नाही."

एकोणीसपैकी अकरा रांगा उभ्या राहतात. आठ रांगांत मी नुसताच नियम पाळलाय. ठेवलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त मागे वळून काढलेले आहेत.

चौदाव्या रांगेचं काय करायचं? तो दगड त्याच्या जागेवर नाही. बायको म्हणाली, "देव झाल्यावर कुणाची जागा विचारतात का?" रांग ठेवली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

तुळशीची लग्नं लागली. उद्या पहिली ऑर्डर, सकाळी हळद, संध्याकाळी अक्षता, दोन कॅमेरे, एक पोरगा हाताखाली. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि सकाळी शेवटची फेरी मारली, फक्त चौदापर्यंत. गवत वाळून सोनेरी, हवा कोरडी, काच अजिबात धुरकट झाली नाही. घाट सायकलवरून न उतरता चढलो. पहिल्यांदाच.

बाबा आंब्याखालीच होते. फोटो बारा बाय अठराचा काढून, पुठ्ठा लावून, कॅरिअरला बांधून नेला होता. त्यांनी हात धोतराला पुसले आणि लांब धरून बघितला. मग जवळ. मग उलटा करून पाठ बघितली आणि पुन्हा सुलटा.

"म्हस कुठाय?"

मी बोटानं दाखवलं. धुक्यात शिंगांचे दोन अर्धे गोल, पाठीची एक रेघ आणि बेंदराच्या हिंगुळाचा एक लाल ठिपका. या प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला फोटो आहे हा.

"ही तर निम्मीच आली," बाबा म्हणाले. "आठ लिटर देनारी म्हस हाय. उनात काढा."

म्हैस सोडून उन्हात आणली. तिला उभं केलं, बाबांना शेजारी. त्यांनी पटका नीट केला, खोळ काढून ठेवली, हात पाठीवर. मी सवयीनं म्हणालो, "बाबा, जरा इकडे बघा." बाबांनी बघितलं. म्हशीनंही.